कारण न सापडलेले मरण : तान्हे बाळ अचानक गेल्यावर घराने आणि वस्तीने काय करावे

रात्री दूध पिऊन झोपलेले दोन-तीन महिन्यांचे बाळ पहाटे उठत नाही. ताप नव्हता, खोकला नव्हता, आदल्या दिवशी ते हसत-खेळत होते. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टर मान हलवतात आणि कारण सांगू शकत नाहीत. बीडहून सोलापूरकडे जाताना बिंदुसरा धरणाजवळ लागणारे पाली असो की जिल्ह्यातली दुसरी कोणतीही वस्ती, अशा घरात दुपारपर्यंत माणसे जमतात आणि संध्याकाळपर्यंत एक प्रश्न घरभर फिरू लागतो : हे कोणामुळे झाले?

ज्या मरणाला कारण मिळत नाही, ते मरण आरोपी शोधते. बहुतेक वेळा तो आरोपी बाळाची आईच ठरते. म्हणून अशा घरी पोहोचणाऱ्या कार्यकर्त्याचे पहिले काम हा शोध आईपाशी येऊन थांबू न देणे हे आहे. बाकीचे सांत्वन त्यानंतर. हा लेख त्यासाठी लागणारी माहिती एकत्र देतो. कोणीही तो वाचून वस्तीत, विहारात किंवा महिला मंडळाच्या बैठकीत समजावून सांगू शकेल.

वैद्यकशास्त्र काय सांगते

एक वर्षाच्या आतले, वरवर निरोगी असलेले बाळ, बहुधा झोपेत, अचानक दगावते. शवविच्छेदन, मृत्यूच्या जागेची पाहणी आणि आजारपणाचा पूर्वेतिहास हे तिन्ही तपासूनही कारण सापडत नाही, तेव्हा त्याला 'आकस्मिक अर्भक मृत्यू' म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून डॉक्टर त्याला 'सिड्स' म्हणतात. 1969 मध्ये हे नाव रूढ झाले. असे मृत्यू सर्वाधिक दोन ते चार महिन्यांच्या वयात होतात आणि सुमारे 90 टक्के सहा महिन्यांच्या आत होतात.

1994 मध्ये मांडलेल्या एका विचारानुसार तीन गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या की असा मृत्यू ओढवतो : बाळाच्या शरीरात जन्मतःच असलेली, बाहेरून न दिसणारी नाजूकता, वाढीचा तो विशिष्ट काळ, आणि बाहेरचा एखादा ताण, उदाहरणार्थ पालथे झोपणे, तोंडावर आलेले पांघरूण किंवा धूर. यातली पहिली गोष्ट आईला दिसणे शक्यच नसते. दुसरी कोणाच्या हातात नाही. तिसरी पुष्कळशी टाळता येते, पण ती टाळूनही काही बाळे जातात. 'तू नीट लक्ष दिले असतेस तर' हे वाक्य त्यामुळे क्रूर आहेच, शिवाय शास्त्राच्या कसोटीवरही टिकत नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. खेड्यात तान्ह्या बाळाचे शवविच्छेदन क्वचितच होते. त्यामुळे निमोनिया, जंतुसंसर्ग, हृदयातला जन्मजात दोष, गुदमरणे आणि खरोखरच कारण न सापडणारे मृत्यू हे सारे 'अचानक गेलं' या दोन शब्दांखाली गाडले जातात. 2020 च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात हजार जिवंत जन्मांमागे 16 बाळे वर्षाच्या आत दगावत होती. त्यातली किती खरोखर अनाकलनीय होती हे ठरवायचे, तर प्रत्येक मृत्यूची चौकशी व्हायला हवी.

चौकशीने काय घडते हे गडचिरोलीने दाखवले आहे. 'सर्च' संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तेथील गावांत नवजात बाळांच्या मृत्यूंची नोंद ठेवली, कारणे शोधली आणि गावातल्याच बायकांना बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी कमी झाल्याचा त्यांचा अभ्यास 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. आज आशाताई नवजात बाळ पाहायला घरी येतात, त्या पद्धतीचे मूळ याच कामात आहे. नशिबाच्या नावावर टाकलेली पुष्कळ मरणे मोजली गेली आणि मग थांबवता आली.

पहिला दिवस : काय करावे

बाळ हालचाल करत नाही, श्वास घेत नाही असे दिसताच 108 ला फोन करावा. ज्याला येत असेल त्याने सपाट, कडक जागेवर बाळाला पाठीवर ठेवून छातीच्या मधोमध दोन बोटांनी 30 वेळा दाब द्यावा आणि मग दोन हलके श्वास द्यावेत, मदत येईपर्यंत हेच चालू ठेवावे. हे वाचून येत नाही. वस्तीतल्या दोन-चार तरुण-तरुणींनी त्याचे प्रशिक्षण आधीच घेतलेले असावे.

डॉक्टरांनी मृत्यू जाहीर केल्यावर कारण कळत नसेल तर ते पोलिसांना कळवतात. पोलीस 'अकस्मात मृत्यू' अशी नोंद करून पंचनामा करतात. 1 जुलै 2024 पासून ही कार्यवाही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली होते. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 खाली होत असे. अकस्मात मृत्यूची नोंद म्हणजे गुन्हा नव्हे, हे घरच्यांना पहिल्यांदा सांगावे. दारात खाकी वर्दी पाहिली की आपल्या माणसांच्या पोटात गोळा येतो, त्यामागे इतिहास आहे. म्हणून जबाब देताना आईसोबत एक विश्वासातली बाई आणि कायद्याची माहिती असलेला एक कार्यकर्ता असावा. आई काय बोलते ते तिच्याच शब्दांत लिहिले जावे.

शवविच्छेदनाला घरचे नको म्हणतात, 'एवढ्याशा जिवाची चिरफाड कशाला' हा त्यांचा कळवळा खरा असतो. तरीही त्याचे दोन फायदे समजावून सांगावेत. कारण सापडले तर पुढच्या बाळासाठी काळजी घेता येते. सापडले नाही तर 'आईने काही केले' या कुजबुजीला कागदावरचे उत्तर मिळते.

बाळ एक दिवसाचे असो की अकरा महिन्यांचे, त्याच्या जन्माची आणि मृत्यूची दोन्ही नोंद ग्रामपंचायतीत 21 दिवसांच्या आत करावी. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने ती बंधनकारक आहे. 'आता कशाला नोंद' म्हणून पुष्कळ जण ती टाळतात. मग ते बाळ सरकारी दफ्तरात कधी जन्मलेलेच नसते. आशाताई किंवा नर्सताई मृत्यूची माहिती घ्यायला येतील. बालमृत्यू परीक्षणात घरच्यांना प्रश्न विचारून कारणाचा माग काढतात, त्याला मौखिक शवपरीक्षा म्हणतात. ही चौकशी कारणासाठी असते, दोषी ठरवण्यासाठी नसते.

कुजबूज कशी थांबवावी

मराठवाड्यात पाचवीच्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहिते अशी समजूत आहे. धम्मदीक्षेला सत्तर वर्षे होत आली तरी आपल्याही काही घरांत दबक्या आवाजात 'सटवीनं लिहिलंच तेवढं' हे ऐकू येते. तिथवर ते निदान कोणाच्या जिवावर उठत नाही. त्यापुढची पायरी घातक असते : आईचे पाय पांढरे आहेत, शेजारणीची नजर लागली, भावकीतल्या म्हातारीने करणी केली. करणीचा आरोप कोणावरही झाला तर कार्यकर्त्याने तिथेच अडवावे. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली हा गुन्हा ठरू शकतो. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी आहे. देवऋषी किंवा भगताकडे कोणी कुटुंबाला ओढून नेत असेल तर हेच सांगावे.

दुसरी अफवा लसीची असते. बाळाला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना लस मिळते आणि आकस्मिक मृत्यूंचे प्रमाणही दोन ते चार महिन्यांतच सर्वाधिक असते. त्यामुळे एखादे बाळ लसीनंतर काही दिवसांतच जाणे हा योगायोग घडू शकतो. जगभरच्या अभ्यासांत लसीमुळे असे मृत्यू वाढल्याचे आढळले नाही, उलट लस घेतलेल्या बाळांत त्यांचे प्रमाण कमी दिसले. शंका असेल तर आरोग्य खात्याकडे लेखी तक्रार करावी, लसीनंतरच्या गंभीर घटनांची चौकशी करणारी समिती जिल्ह्यात असते. मात्र या अफवेवरून वस्तीतली बाकीची बाळे लसीवाचून राहू देऊ नयेत.

तिसरी कुजबूज सर्वांत सोज्वळ दिसते : 'मागच्या जन्माचं काहीतरी असेल.' ती धम्माच्या भाषेत बोलली जाते, म्हणून जास्त फसवी. संयुत्त निकायातील सीवक सुत्तात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो की, माणूस जे सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकर्मामुळेच का? बुद्ध हे मत नाकारतात. पित्त, कफ, वात, त्यांचा एकत्रित बिघाड, ऋतुबदल, निष्काळजी वागणूक, बाहेरचा आघात अशी इतर कारणे ते मोजून दाखवतात. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मागच्या जन्माच्या कर्माने आजचे दुःख समजावण्याचा सिद्धांत मान्य केला नाही. तान्ह्या बाळाच्या मरणाचे खापर त्याच्या किंवा आईच्या मागच्या जन्मावर फोडणे हे बुद्धवचन नव्हे.

किसा गोतमी : आपण काय चुकीचे सांगतो

अशा घरी गेले की कोणीतरी किसा गोतमीची गोष्ट सांगतेच. मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरणारी आई, ज्या घरात कोणी मेले नाही तिथून मोहरी आणायला सांगणारे बुद्ध आणि रिकाम्या हाताने परतलेली गोतमी. आपण त्यातून काढलेला अर्थ बहुतेकदा असा असतो : 'मरण सगळ्यांनाच आहे, आता रडू नकोस.'

गोष्ट नीट पाहिली तर बुद्धांनी तिला हे वाक्य ऐकवलेच नाही. 'मूल मेले आहे' हेही त्यांनी तिच्या तोंडावर मारले नाही. त्यांनी तिला लोकांच्या दारी पाठवले. प्रत्येक घराने तिला आपले गेलेले माणूस सांगितले. ती बोलली, लोक बोलले, आणि मूल स्मशानात ठेवण्याची वेळ तिने स्वतः ठरवली. अट्ठकथेत आणखी एक तपशील आहे, तो आपण वगळतो. गरीब घरची म्हणून सासरी तिचा अपमान होत असे, मुलगा झाल्यावरच तिला मान मिळाला. मुलाबरोबर तिचे घरातले स्थानही गेले होते. बाळ गेलेल्या कितीतरी सुनांची आजची भीती हीच असते.

थेरीगाथेतली उब्बिरी तर जीवा नावाच्या मुलीसाठी रडत होती. 'पोरगीच होती ना' म्हणून जिथे दुःख निम्म्याने मोजले जाते तिथे उब्बिरीची आठवण करून द्यावी.

कार्यकर्त्याने यातून घ्यायचे ते इतकेच. पहिल्या आठवड्यात अनित्यतेचे प्रवचन देऊ नये. ज्या घरांनी मूल गमावले आहे अशा एक-दोन बायकांना त्या आईजवळ नेऊन बसवावे. मोहरी न मिळणारी घरे प्रत्येक वस्तीत असतात.

सल्ल सुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. पहिला बाण दुखापतीचा आणि दुसरा त्यावरून मनाला होणाऱ्या छळाचा. बाळाचे जाणे हा पहिला बाण आम्ही उपटू शकत नाही. दोषारोपाचा दुसरा बाण मात्र आपणच मारतो, तो न मारणे आपल्या हातात आहे.

रमाई आणि बाबासाहेब

आपल्या चळवळीच्या घरातच हे दुःख आहे. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार मुले रमाई आणि बाबासाहेबांनी लहानपणीच गमावली. त्या मरणांमागे आजारपण आणि हलाखी होती, ती अनाकलनीय नव्हती. तरीही त्यातून शिकण्यासारखे आहे. राजरत्न जुलै 1926 मध्ये गेला. त्यानंतर ऑगस्टमध्ये दत्तोबा पवार यांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी आपण आणि पत्नी या धक्क्यातून सावरलो आहोत असा आव आणण्यात अर्थ नाही, असे मोकळेपणाने कळवले.

पुढच्याच वर्षी मार्चमध्ये महाडचा सत्याग्रह झाला. भाषणांत आपण या दोन घटना जोडतो आणि 'चार मुले गेली तरी ते खचले नाहीत' असे म्हणतो. पत्र वेगळे सांगते. ते खचले होते आणि त्यांनी ते लपवले नाही. शोकात बसलेल्या बापाला 'बाबासाहेबांकडे बघ' म्हणायचे असेल तर हे पत्रही सांगावे.

बाळाचे पुण्यानुमोदन

मोठे माणूस गेले की बौद्धाचार्य येतात, त्रिशरण-पंचशील होते, जलदान आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. तान्हे बाळ गेले की दोन पुरुष ते कापडात गुंडाळून नेतात, मातीआड करतात आणि परत येतात. आईला पुष्कळदा शेवटचे पाहूही दिले जात नाही. हे बदलायला हवे. बाविस प्रतिज्ञांनी श्राद्ध आणि पिंडदान सोडायला सांगितले, शोक सोडायला सांगितले नाही.

आई-वडिलांची इच्छा असेल तर छोटेसे पुण्यानुमोदन घरीच करता येते. बाळाला आई-वडिलांना हवा तितका वेळ जवळ घेऊ द्यावे. नाव ठेवले नसेल तर त्यांना हवे असल्यास ठेवू द्यावे आणि वंदनेनंतर त्या नावाने पुण्यानुमोदन करावे. जेवणावळ नको, कर्ज नको. पुरल्याची जागा ओळखता येईल अशी खूण करावी, शक्य असेल तिथे झाड लावावे. काही गावांत दफनाच्या जागेवरून आपल्या माणसांना अडवले जाते. तिथे त्या रात्रीचा वाद कुटुंबाच्या अंगावर पडू देऊ नये, तो कार्यकर्त्यांनी तहसीलदार आणि पोलिसांपुढे उभा करावा.

आई, बाप, आजी आणि भावंडे

बाळ गेले तरी आईला पान्हा फुटतच राहतो. याबद्दल घरात कोणी बोलत नाही आणि ती एकटी सोसते. छाती घट्ट बांधू नये. थंड कापडाने शेक घ्यावा, फार ठणकत असेल तर आराम पडेल इतकेच दूध काढावे, पूर्ण रिकामे करू नये. ताप आला किंवा एखादी जागा लाल होऊन कडक झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ती अजून बाळंतीण आहे. तिच्या जेवणाची आणि विश्रांतीची गरज बाळाबरोबर संपलेली नाही.

बाप गप्प होतो. गडी रडत नाही म्हणून तो बाहेर राहतो आणि पुष्कळदा दारूकडे वळतो. त्याच्या मित्रांनी रोज संध्याकाळी त्याच्याजवळ बसणे हे पंचशीलातल्या पाचव्या शीलाचे खरे रक्षण आहे. बाळ आजीजवळ झोपलेले असताना गेले असेल तर आजीला कोणी विचारत नाही आणि ती स्वतःला माफ करत नाही. तिच्याशीही बोलावे.

मोठ्या भावंडांना 'बाळ झोपलंय' किंवा 'गावाला गेलंय' असे सांगू नये. मग ती झोपायला घाबरतात किंवा वाट पाहत राहतात. 'बाळाचं शरीर चालायचं थांबलं, ते मेलं, तुझ्यामुळे नाही' एवढे सरळ सांगावे.

कोप्यावरचे दुःख

बीडचे हे दुःख ऊसतोडीपासून वेगळे काढता येत नाही. दिवाळीच्या सुमारास जोड्या कारखान्यांकडे निघतात, तान्ही बाळे आईबरोबर जातात. कोपीत थंडी, चुलीचा धूर, दाटीवाटीने झोपणे आणि दूरचा दवाखाना. तिथे बाळ गेले तर उचल फिटलेली नसते. म्हणून जोडी दोन दिवसांत पुन्हा फडात उभी राहते. शोकाला रजा नाही.

इथे सांत्वनापेक्षा सौदा उपयोगी पडतो. गावातल्या कार्यकर्त्यांनी मुकादमाशी बोलून त्या बाईला निदान काही आठवडे कोयता हातात घ्यावा लागणार नाही आणि त्या दिवसांचा खाडा तिच्या अंगावर चढणार नाही हे ठरवून घ्यावे. ती एकटी गावी परतणार असेल तर तिला उतरवून घ्यायला माणूस असावा. शिवाय या जिल्ह्यात तरुण वयात गर्भाशय काढलेल्या बायका आहेत. शस्त्रक्रिया झालेल्या बाईला 'दुसरं होईल' म्हणणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे आहे.

पुढचे बाळ आणि टाळता येणारे धोके

'लगेच दुसरं होऊ द्या' हा सल्ला कोणी देऊ नये. जिवंत बाळाच्या जन्मानंतर पुढच्या गर्भधारणेआधी किमान 24 महिन्यांचे अंतर असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. निर्णय त्या दोघांचा आहे. पुढचे बाळ आले की त्या वयाचा महिना येताच आई रात्रभर जागी राहील, तेव्हा घरातल्या दुसऱ्या कोणी पाळी वाटून घ्यावी.

पुढील गोष्टी प्रत्येक घरात सांगाव्यात, पण ज्या घरात नुकतेच बाळ गेले आहे तिथे त्या आठवड्यात नव्हे. तिथे त्या उपदेश न वाटता आरोप वाटतील.

- बाळाला नेहमी पाठीवर झोपवावे. 1990 च्या दशकात ब्रिटन आणि अमेरिकेत याचा प्रचार झाल्यावर असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले.
- अंथरूण घट्ट असावे. मऊ उशी, जाड गोधडी, बाळाच्या तोंडावर येईल असे पांघरूण नको.
- बाळ आईच्या जवळ, पण दोन मोठ्या माणसांच्या मध्ये नको. दारू प्यायलेल्या माणसाशेजारी कधीही नको.
- गरोदरपणी मिश्री आणि तंबाखू बंद करावी. बाळाच्या खोलीत विडी, चुलीचा धूर किंवा धुरी नको.
- थंडीत फार गुंडाळू नये. मानेला घाम येत असेल तर एक कपडा कमी करावा.
- सहा महिने फक्त आईचे दूध आणि सर्व लसी वेळेवर.

एक फट कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावी. आशाताईंच्या नवजात बाळासाठीच्या गृहभेटी 42 व्या दिवशी संपतात आणि त्यानंतरच्या ठरलेल्या भेटी तिसऱ्या महिन्यापासून सुरू होतात. जोखमीचा काळ नेमका याच सुमारास वाढू लागतो. म्हणून सहा आणि दहा आठवड्यांच्या लसीकरणाच्या दिवशी आयांना एकत्र बसवून वरची यादी सांगितली तर ही फट भरून निघते. त्याला पैसा लागत नाही.

कधी मदत मागावी

शोकाला मुदत नसते. मात्र आई किंवा बाप काही आठवड्यांनंतरही खात-झोपत नसेल, अंथरुणातून उठत नसेल, कोणाशीच बोलत नसेल, आवाज ऐकू येतात म्हणत असेल किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करत असेल तर वाट पाहू नये. टेलिमानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत असते, मराठीतही बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. तिथे जाणे हा वेडेपणाचा शिक्का नव्हे, हे सांगायला आणि सोबत जायला माणूस लागतो.

पहिल्या दिवशी शंभर माणसे येतात. पाचव्या आठवड्यात कोणी येत नाही, आणि तेव्हाच घर सर्वांत रिकामे असते. प्रत्येक वस्तीतल्या युवक मंडळाने आणि महिला मंडळाने दोन नावे ठरवून ठेवावीत. अशा घरी महिन्याने, तीन महिन्यांनी आणि वर्षाने, बाळाच्या जन्मतिथीला, ती दोघे जातील. जाऊन फार बोलायचे नाही. बाळाचे नाव घ्यायचे आणि आईला बोलू द्यायचे.